दोन मोटरचं आरसी विमान: जोडणी, जुळवणी आणि बिघाडाचा शोध

दोन मोटरचं आरसी, म्हणजे रेडिओने चालवायचं, विमान डोक्यावरून गेलं की न बघताही ओळखू येतं. एका मोटरचा आवाज एकसुरी असतो. दोन मोटर्सच्या आवाजात मात्र एक हेलकावा असतो, वांव... वांव... वांव. दोन्ही प्रॉपेलरचा वेग तंतोतंत सारखा कधीच नसतो, त्यामुळे तो येतो. दोन पात्यांचे दोन प्रॉप मिनिटाला ६० फेऱ्यांनी पुढेमागे असतील, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. मला हा आवाज मनापासून आवडतो आणि त्याचा उपयोगही होतो. हेलकावा संथ असेल तर जोडी जुळली आहे. भराभर असेल तर कुठेतरी तफावत आहे, ती उडवण्याआधी शोधायची.

या प्रकारात सगळं काम जोडी जुळवण्याचंच आहे. एका जुवाखालचा एक बैल पुढे ओढतोय आणि दुसरा रेंगाळतोय, असं झालं की गाडी रस्ता सोडते. विमानाचंही तेच, फक्त विमान रस्ता सोडतं तेव्हा ते हवेत असतं. म्हणून खाली जे काही सांगितलंय, त्यात 'डावी बाजू उजवीसारखीच आहे ना?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येईल.

एक अट आधीच सांगतो. एका मोटरचं चार चॅनलचं, म्हणजे थ्रॉटल, एलेरॉन (पंखावरचे हलते पट्टे), एलेव्हेटर (शेपटीचा आडवा पट्टा) आणि रडर (शेपटीचा उभा पट्टा) असे चार ताबे असलेलं, विमान तुम्ही स्वतः उडवून सुखरूप उतरवत असाल, तरच पुढे जा. दोन मोटरचं विमान हे शिकण्याचं पहिलं विमान नव्हे.

कोणतं मॉडेल घ्यावं

ईपीओ या चिवट फोमचं, १२०० ते १५०० मिलिमीटर पंखविस्ताराचं, वर पंख असलेलं इलेक्ट्रिक मॉडेल घ्या. पंख वर असला की प्रॉप गवतापासून उंच राहतात. आणखी एक गोष्ट बघा: मोटर्स धडाच्या जवळ आहेत की पंखाच्या मध्यापर्यंत लांब गेल्या आहेत? एक मोटर बंद पडली की दुसरी विमानाला फिरवायला बघते. ती धडापासून जितकी लांब, तितका तिचा तरफेसारखा जोर जास्त. नवख्याने जवळच्या मोटर्सचं मॉडेल निवडावं.

ग्लो किंवा पेट्रोलची दोन इंजिनं सध्या नको. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं लावावं लागतं, आणि एखादं इंजिन हवेत बंद पडण्याची शक्यता इलेक्ट्रिकपेक्षा कितीतरी जास्त असते. या लेखातलं सगळं इलेक्ट्रिकबद्दल आहे.

सामान

मोटर्स, ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) आणि प्रॉप जोडीनेच घ्या: एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, जमल्यास एकाच वेळी घेतलेले. घरात पडलेला एक ईएससी आणि नवा एक, अशी मोट बांधू नका. दोन वेगळ्या जातीचे ईएससी थ्रॉटलला वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि मग ती तफावत कितीही धडपडलात तरी पूर्ण जात नाही.

हिशेब सोपा आहे. समजा प्रत्येक मोटर पूर्ण थ्रॉटलला १५ अँपिअर ओढते. मग प्रत्येकीला २५ ते ३० अँपिअरचा ईएससी हवा. बॅटरीवर एकूण भार ३० अँपिअरचा पडतो, कारण दोघींना एकच बॅटरी पुरवते. २२०० एमएएच क्षमतेच्या, ३०सी, म्हणजे क्षमतेच्या तीसपट करंट देईल असं लिहिलेल्या लायपो बॅटरीने कागदावर ६६ अँपिअर द्यायला हवेत. सी-रेटिंगवर मी अर्धाच विश्वास ठेवतो, तरी ३० अँपिअर त्यात बसतात. मुख्य कनेक्टर एक्सटी६० पुरेसा आहे.

अवजारांत वॅटमीटर, टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारं), प्रॉप बॅलन्सर आणि निदान ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न असू द्या. कमी वॅटच्या आयर्नने जाड वायर नीट तापत नाही, आणि त्यातून काय होतं ते पुढे येईलच.

सांगाडा

हा भाग बहुतेक किटमध्ये सोपा असतो. पंखाच्या आतली कार्बनची नळी पूर्ण आत गेली आहे ना बघा, चिकटवण्याआधी सगळं एकदा कोरडं जोडून बघा. ईपीओला साधा सीए (झटपट चिकटणारा गोंद) चालतो, पण पांढऱ्या दाणेदार थर्मोकोलसारख्या फोमला तो विरघळवतो. तिथे फोम-सेफ सीए किंवा इपॉक्सी वापरा. नॅसेलमधलं, म्हणजे पंखावरच्या मोटरच्या घरातलं, मोटर माउंट मात्र इपॉक्सीनेच चिकटवा, आणि ते पूर्ण सुकायला रात्रभर द्या.

शेपटी सरळ बसली आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. एक न ताणणारी दोरी घ्या. डाव्या पंखाच्या टोकापासून शेपटीच्या डाव्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, मग उजवीकडचं. फरक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर सुकण्याआधी दुरुस्त करा. सर्व्होचे (हे पट्टे हलवणाऱ्या छोट्या मोटर्सचे) हॉर्न लावण्याआधी रिसीव्हर चालू करून सर्व्हो मध्यावर आणा, नाहीतर एका एलेरॉनचा प्रवास वर जास्त आणि दुसऱ्याचा खाली जास्त होतो.

मोटर्सचा रोखही बघा. काही मॉडेलमध्ये त्या किंचित खाली किंवा बाहेर वळवलेल्या असतात, ते मुद्दाम केलेलं असतं. माउंटखाली वॉशर घालून तो कोन 'सरळ' करू नका. फक्त दोन्हीकडे तो सारखा आहे ना, एवढं तपासा.

वायरिंग

बॅटरीपासून एक मुख्य कनेक्टर निघतो, तिथून दोन फाटे होतात, एकेक फाटा एकेका ईएससीला जातो. अडचण अशी की मोटर्स लांब पंखात आहेत आणि बॅटरी धडात. म्हणजे कुठलीतरी वायर लांब करावीच लागते. कुठली?

मोटरकडच्या तीन वायर लांब करा, बॅटरीकडच्या दोन नको. ईएससी सेकंदाला हजारो वेळा करंट जोडतो आणि तोडतो. बॅटरीकडची वायर लांब असेल तर दर तोडीला तिच्यात व्होल्टेजचे झटके उठतात, आणि ते ईएससीच्या तोंडाशी असलेल्या कपॅसिटरला सोसावे लागतात. कपॅसिटर गरम होतो, फुगतो आणि एक दिवस ईएससीच जातो. म्हणून ईएससी पंखाच्या मुळाशी, धडाजवळ ठेवा, आणि तिथे हवा खेळती राहील अशी खाच ठेवा. मॉडेलच्या रचनेमुळे ईएससी नॅसेलमध्येच बसवायचा असेल, तर ईएससीच्या अगदी जवळ कमी-ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) जादा कपॅसिटर जोडा. दर १० सेंटिमीटर वाढीव वायरीमागे साधारण २२० मायक्रोफॅरड, हा हौशी लोकांत रुळलेला अंदाज आहे. व्होल्टेज रेटिंग बॅटरीच्या पूर्ण चार्ज व्होल्टेजच्या बरंच वर घ्या. ३एस, म्हणजे तीन सेलची, बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट असते, तिच्यासाठी २५ व्होल्टचा कपॅसिटर घ्या, आणि प्लस-मायनस उलटे लावू नका.

आता लाल वायर. बऱ्याच ईएससीमध्ये बीईसी असतो, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देणारा छोटा पुरवठा. दोन ईएससी म्हणजे दोन बीईसी, आणि ते दोन्ही एकाच रिसीव्हरला जोडले की दोघांची आपसात ओढाताण सुरू होते. स्विचिंग जातीच्या बीईसीत हे विशेष धोक्याचं. म्हणून एका ईएससीच्या सर्व्हो प्लगमधली मधली लाल पिन काढून ठेवायची. वायर कापू नका. प्लगच्या खिडकीतली प्लॅस्टिकची बारीक जीभ टाचणीने अलगद उचला, लाल वायर मागे ओढा, पिन अख्खी बाहेर येते. तिच्यावर श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि वायरीलाच मागे बांधून टाका. उद्या लागली तर परत बसवता येते.

याहून चांगला उपाय म्हणजे दोन्ही लाल पिना काढून वेगळा ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा यूबीईसी (स्वतंत्र बीईसी) लावणं. दोन एलेरॉन, दोन फ्लॅप, एलेव्हेटर, रडर असे सहा सर्व्हो झाले की छोट्या बीईसीचा दम निघतो. शिवाय ज्या ईएससीकडून रिसीव्हर चालतोय तोच जळाला, तर मोटरबरोबर सगळं नियंत्रणही जातं. मी तरी आता दोन मोटरच्या विमानात यूबीईसीशिवाय उडवत नाही.

सोल्डरिंगबद्दल दोन शब्द. नीट झालेला जोड गुळगुळीत असतो, कथील वायरीत झिरपलेलं दिसतं. करडा, दाणेदार, गोळ्यासारखा वर बसलेला जोड म्हणजे थंड जोड. तो टेबलावर चालतो आणि हवेत कंपनाने सुटतो. प्रत्येक बुलेट कनेक्टर जोडल्यावर वायर जोराने ओढून बघा, मगच श्रिंक ट्यूब चढवा. आधी ट्यूब चढवली तर जोड दिसतच नाही.

एक चॅनल की दोन

दोन्ही ईएससी वाय-केबलने रिसीव्हरच्या थ्रॉटल चॅनलला जोडता येतात. सुरुवातीला हेच करा. दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक मोटरला वेगळा चॅनल देऊन ट्रान्समीटरमध्ये मिक्स (एका स्टिकबरोबर दुसरा चॅनलही हलवण्याची सोय) लावणं. मग रडरबरोबर एका मोटरचा वेग वाढवता येतो. जमिनीवर वळताना आणि पाण्यावरच्या विमानात हे फार कामाचं आहे. उजवा रडर दिला की डावी मोटर जोरात फिरायला हवी, उलटं होत असेल तर मिक्सचं चिन्ह बदला. प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या वर नेऊ नका, आणि मिक्स एका स्विचवर ठेवा, म्हणजे हवेत तो बंद करता येईल.

दोन चॅनल वापरताना एक जागा फसवते. ट्रान्समीटरचा थ्रॉटल-कट स्विच अनेकदा फक्त मुख्य थ्रॉटल चॅनलवर काम करतो. तुम्ही स्विच मारता, एक मोटर मरते, दुसरी जिवंतच असते, आणि तुमचा हात तिच्या प्रॉपजवळ असतो. फेलसेफचंही (सिग्नल तुटला की मोटर थांबवण्याच्या सोयीचंही) तसंच. दोन्ही चॅनलवर दोन्ही गोष्टी लागू झाल्या आहेत, हे प्रॉप काढून स्वतः तपासा.

थ्रॉटलची हद्द शिकवणं

प्रॉप काढलेले असू द्या. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, खरंच काढा.

ट्रान्समीटर चालू करा आणि थ्रॉटल पूर्ण वर ठेवा. बॅटरी जोडा. ईएससी बीप देतील, बहुतेकांत दोन बीप असतात. लगेच थ्रॉटल पूर्ण खाली आणा. बॅटरीच्या सेलइतके बीप आणि एक लांब बीप आला की हद्द नोंदली गेली. वाय-केबल असेल तर दोन्ही ईएससी एकाच वेळी शिकतात. वेगवेगळे चॅनल असतील तर दोन्ही चॅनलचा प्रवास आधी १०० टक्क्यांवर सारखा करा. बीपांचा क्रम कंपनीगणिक थोडा बदलतो, तेव्हा सोबतचा कागद वाचा.

मग ईएससीचं प्रोग्रामिंग. टायमिंग दोन्हीत सारखं, ब्रेक दोन्हीत बंद. सगळ्यात महत्त्वाचं, कमी व्होल्टेजला कापण्याची पद्धत 'सॉफ्ट' ठेवा, 'हार्ड' नको. बॅटरी उतरायला आली की दोन ईएससी कधीच एकाच क्षणी कापत नाहीत. हार्ड असेल तर एक मोटर अचानक थांबते आणि दुसरी चालू राहते. या वेळेपर्यंत पोचायचंच नाही, म्हणून ट्रान्समीटरवर टायमर लावा.

आता थ्रॉटल हळूहळू वर न्या. दोन्ही मोटर्स एकाच खाचेवर सुरू झाल्या पाहिजेत. एक आधी आणि दुसरी दोन खाचा नंतर, असं होत असेल तर हद्द परत शिकवा.

दिशा आणि प्रॉप

ब्रशलेस मोटर उलटी फिरवायची असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. बॅटरीकडच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या उलट्या झाल्या तर ईएससी त्याच क्षणी जळतो.

प्रॉपवर ८x४ लिहिलं असेल तर व्यास ८ इंच आणि पिच (एका फेरीत कागदावर पुढे जाण्याचं अंतर) ४ इंच. हे आकडे असलेली बाजू नेहमी विमानाच्या पुढच्या दिशेला येते. नवखे लोक प्रॉप उलटा बसवतात तेव्हा तो थोडा जोर देतोच, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. एका बाजूचा जोर कमी वाटला की आधी हेच बघा.

अनेक किटमध्ये एक सरळ आणि एक उलट फिरणारा प्रॉप देतात. उलट्यावर बहुधा 'आर' किंवा 'पी' अक्षर असतं. दोन्ही मोटर्स एकाच दिशेने फिरल्या तर त्यांचा पीळ एकत्र येऊन विमान एका बाजूला ओढलं जातं, परस्परविरुद्ध फिरल्या तर तो बराचसा कटतो. १९३९ साली पहिल्यांदा उडालेल्या लॉकहीड पी-३८ लायटनिंग या लढाऊ विमानात हीच युक्ती होती. ब्रिटिशांच्या मॉस्किटोमध्ये ती नव्हती, त्याचे दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरत, आणि टेकऑफला तिरकं पळण्याची त्याची सवय वैमानिकांना सांभाळावी लागे. मॉडेलमध्ये दोन्ही रचना चालतात. किटने जी सांगितली तीच ठेवा.

उलट फिरणाऱ्या बाजूचा नट मात्र नीट बघा. पुढून बघितलं तर नेहमीची मोटर घड्याळाच्या उलट फिरते, आणि थ्रॉटल वाढवताना नेहमीच्या आट्यांचा नट आवळला जातो. उलट मोटरवर तोच नट सैल होत जातो. नायलॉनचं कडं असलेला नट वापरा आणि प्रत्येक उड्डाणाआधी बोटांनी नाही, पान्याने तपासा.

दोन्ही प्रॉप बॅलन्सरवर तोलून घ्या. जड पात्याच्या मागच्या बाजूला किंचित सँडपेपर मारायचा किंवा हलक्या पात्याला पारदर्शक टेप लावायची. भेगाळलेला प्रॉप फेकून द्या. तो चिकटवून वापरत नाहीत.

टेबलावरची शेवटची परीक्षा

आता प्रॉप लावा, विमान घट्ट बांधा किंवा मदतनिसाला मागून धरायला सांगा. प्रॉपच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही.

वॅटमीटर मध्ये लावून एकूण करंट बघा. मग टॅकोमीटरने अर्ध्या आणि पूर्ण थ्रॉटलला दोन्ही बाजूंच्या फेऱ्या मोजा. मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक मी सोडून देतो. तीनशेच्या वर असेल तर कारण शोधतो. हे उजेडात, बाहेर मोजा. घरातल्या दिव्याची लुकलुक टॅकोमीटर पात्यांची हालचाल समजतो आणि खोटा आकडा दाखवतो.

पूर्ण थ्रॉटल निदान ३० सेकंद चालवा. दहा सेकंदांत थंड जोड पकडला जात नाही.

यानंतर नेहमीच्या गोष्टी, पण त्या टाळू नका. गुरुत्वमध्य किटने दिलेल्या जागी, उडवताना असेल तीच बॅटरी बसवून. आकडा दिला नसेल तर सरळ पंखासाठी मुळाशी पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर सुरुवात करा, त्यातही पुढचं टोक बरं. विमानामागे उभे राहून एलेरॉन बघा: स्टिक उजवीकडे, तर उजवा एलेरॉन वर. ट्रान्समीटर बंद करून फेलसेफने दोन्ही मोटर्स थांबतात ना, बघा. शेवटी कमी शक्तीच्या रेंज मोडमध्ये, मदतनीस विमान धरून असताना, मोटर्स बंद आणि चालू अशा दोन्ही स्थितीत ३० पावलांवरून सर्व्हो तपासा.

पहिलं उड्डाण

वारा कमी असलेली सकाळ, मोकळं मैदान, तुमच्या भागातल्या नियमांत बसणारी जागा. वाऱ्याच्या तोंडावर उभं करा आणि थ्रॉटल सावकाश, तीन-चार सेकंदांत वर न्या. झटका दिला तर दोन मोटर्सच्या प्रतिसादातला बारीक फरकही विमानाला तिरकं करतो. रडर हाताशी ठेवा. वेग पुरेसा झाल्याशिवाय एलेव्हेटर ओढू नका. एका मोटरच्या विमानात लवकर उचलणं ही चूक असते, इथे ती जास्त महागात पडते.

उंची घेतली की अर्ध्या थ्रॉटलला ट्रिम करा, म्हणजे स्टिक सोडल्यावर विमान सरळ जाईल असं जुळवा. मग उंचावरच थ्रॉटल पूर्ण कमी करून विमान कसं तरंगतं, कुठल्या वेगाला नाक टाकतं ते बघा. टायमर चार मिनिटांवर ठेवा, उतरल्यावर सेल मोजा आणि प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या आसपास उरेल असा टायमर पुढच्या वेळी लावा.

एक मोटर थांबली तर

हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण हवेत विचार करायला वेळ मिळत नाही.

वेग निम्मा झाला की रडरचा जोर चौथाईवर येतो. पण चालू मोटरचा ओढा कमी वेगात कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. म्हणजे ठराविक वेगाच्या खाली रडर कितीही दिला तरी तो पुरत नाही. विमान बंद मोटरकडे वळतं, तोच पंख खाली पडतो आणि काही कळायच्या आत उलटं होतं. मोठ्या विमानांत या वेगाला व्हीएमसी म्हणतात. मॉडेलला तो आकडा कोणी लिहून देत नाही, पण तो असतोच.

माझ्या पहिल्या दोन मोटरच्या विमानाच्या तिसऱ्या उड्डाणात, टेकऑफनंतरच्या पहिल्याच वळणावर डावी मोटर अडखळली. आवाज आधी फाटला, तो कर्र-कर्र आवाज आजही कानात आहे. नाक वळायला लागलं आणि मी घाबरून एलेव्हेटर ओढला, थ्रॉटल तसाच ठेवला. विमान डावीकडे पाठीवर पडलं आणि नाकावर आदळलं. घरी नॅसेल उघडल्यावर मधल्या वायरीचं बुलेट कनेक्टर दोन बोटांनी ओढताच हातात आलं. आतलं कथील करडं, वाळूसारखं. ट्यूबखाली ते मला दिसलंच नव्हतं. पण जोड सुटल्यामुळे फक्त मोटर गेली होती. विमान गेलं ते थ्रॉटल कमी न केल्यामुळे.

म्हणून क्रम हा: पहिल्यांदा थ्रॉटल खाली, पूर्ण. ओढणारी बाजूच थांबली की वळणं थांबतं. नाक किंचित खाली, वेग जपायचा. पंख समतल करायला रडर वापरा, कारण कमी वेगात एलेरॉन खाली पडलेल्या पंखाला आणखी स्टॉल करतो, म्हणजे त्याची उचल घालवतो. विमान ताब्यात आल्यावर, उंची असेल तरच, चालू मोटर थोडी थोडी वाढवा आणि रडर चालू मोटरच्या बाजूला द्या. वळायचंच असेल तर चालू मोटरच्या बाजूला, मोठ्या गोलाईने. उंची नसेल तर समोर सरळ उतरवा, गवतात असलं तरी चालेल. हे उंचावर एकदा मुद्दाम करून बघता येतं: दोन चॅनलच्या रचनेत एका मोटरचा थ्रॉटल एका स्विचवर अर्धा करायचा, भरपूर उंची हाताशी ठेवून.

उतरल्यावर लगेच दोन्ही मोटर्सना आणि दोन्ही ईएससींना बोट लावा. दोन्ही सारख्या कोमट असाव्यात. एक बाजू बोट ठेववत नाही इतकी गरम आणि दुसरी गार असेल, तर पुढचं उड्डाण रद्द. ही सवय मला सगळ्यात जास्त वेळा वाचवून गेली आहे.

बिघाड कुठे शोधायचा

मोटर फिरत नाही, नुसती थरथरते: तीन वायरींपैकी एक तुटलेली किंवा सुटलेली. मोटर ईएससीपासून सोडवा, कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकींना लावा आणि हाताने फिरवा. अडल्यासारखं जड लागलं पाहिजे. तिन्ही जोड्या अशा करून बघा. एखाद्या जोडीत मोटर हलकीच फिरली तर त्यातली वायर किंवा आतली गुंडाळी तुटलेली आहे. तिन्हीत सारखंच जड लागलं, तर दोष ईएससीत.

दोष मोटरचा की ईएससीचा हे कळत नसेल, तर डावा-उजवा ईएससी बदलून बघा. बिघाड ईएससीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर ईएससी, जागेवर राहिला तर मोटर किंवा वायर. जोडी असल्याचा हा एक मोठा फायदा.

फक्त बीप येत राहतात: सलग भरभर बीप म्हणजे बहुधा थ्रॉटल खाली नाही किंवा थ्रॉटल ट्रिम वर आहे. दर एक-दोन सेकंदाला एक बीप म्हणजे बहुधा सिग्नलच पोचत नाही, प्लगची दिशा किंवा वाय-केबल बघा.

विमान फक्त पूर्ण थ्रॉटलला एका बाजूला ओढतं आणि अर्ध्याला सरळ जातं: फेऱ्या परत मोजा. सारख्या असतील तर एक प्रॉप उलटा बसलेला असेल, किंवा एका बाजूचं मोटर माउंट भाराखाली वाकत असेल. नॅसेल हाताने धरून मोटर हलवून बघा, फोमला गेलेली भेग अशीच सापडते. ट्रिमने हे झाकायला जाऊ नका, दुसऱ्या थ्रॉटलला विमान उलट्या बाजूला ओढेल.

थ्रॉटल वाढवला की सर्व्हो फडफडतात: बीईसी दमतोय, किंवा बॅटरीच्या वायरीला चिकटून रिसीव्हरची अँटेना गेली आहे. अँटेनाची उघडी टोकं वायरींपासून लांब, एकमेकींशी काटकोनात ठेवा. यूबीईसी लावूनही फडफड थांबली नाही, तर सर्व्हो एकेक काढत जा. एखादा अडकलेला सर्व्हो एकटाच सगळा करंट खात असतो, आणि तो हाताला गरम लागतो.